दुसऱ्याच्या चाकावर

आमच्या जिंगदेझेन शहरात असे म्हटले जाते की, चिनी मातीचे एक वाडगे पूर्ण होईपर्यंत बहात्तर जणांच्या हातांखालून जाते. हा आकडा कोणी मोजून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु एकाने दुसऱ्याच्या जागेवर बसू नये, हा नियम मात्र येथील प्रत्येक कारागिराच्या हाडांत मुरलेला आहे. मळणारा माती मळतो, घडवणारा घडवतो, तासणारा तासतो, आणि काठावर निळी रेघ ओढणारा जन्मभर तेवढीच रेघ ओढतो. या नियमाचा भंग माझ्या हातून झाला. तो एका दुपारी, उकाड्यामुळे आणि अर्ध्या वाडगाभर शेवयांच्या निमित्ताने झाला. पण त्याची शिक्षा अजून संपलेली नाही.

माझे नाव यू चांगगन. वय एकसष्ट. मी तासणारा आहे. घडवणारा ओल्या मातीचे भांडे चाकावर उभे करतो, तेव्हा ते जाड आणि ओबडधोबड असते. ते सुकले म्हणजे माझ्याकडे येते. मी ते माझ्या कोरड्या चाकावर पालथे घालतो, बोटाने ठोकून मध्यावर आणतो आणि लोखंडी पात्याने तासत तासत इतके पातळ करतो की, आत दिवा धरला तर बाहेर बोटांची सावली दिसावी. किती तासले आणि किती उरले, हे डोळ्यांना कळत नाही. टिचकी मारून कानाने ऐकावे लागते. पाती मी स्वतः कानशीने घासून तयार करतो. लहान पाते कानावर अडकवण्याची मला सवय आहे. ते तेथे असल्याचे मला आठवतही नाही.

या कामात धूळ फार. चाळीस वर्षांची धूळ माझ्या छातीत जाऊन बसली. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "काका, हे धुकं नाही, ही तुमचीच वाडगी आहेत. आता पाती खाली ठेवा." माझी मुलगी श्याओमन शियामेनला समुद्रकाठी राहते. तिने लगेच आमच्यासाठी एक खोली रिकामी केली. तिच्या बाळंतपणासाठी माझी पत्नी गुईश्यांग पुढे गेली. हातातले काम उरकून महिनाभरात मी मागोमाग जावे, असे ठरले. ते आज घडेल, उद्या घडेल, असे म्हणता म्हणता जे घडले, ते येथे लिहीत आहे.

आमच्या कामशाळेत घडवणारा आहे फंग माओशंग. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी थोरला, जिभेने दहा वर्षांनी धाकटा. त्याची बैठक म्हणजे चाकावर आडवी टाकलेली फळी. भोवती सतत पाणी, ओली माती, त्यामुळे जूनच्या उकाड्यातही तेथे गारवा असतो. माओशंग दुपारी घरी जाऊन झोपतो. त्या वेळात त्याच्या फळीवर बसून जेवण्याची त्याने मला परवानगी दिली होती, तीही अशी की, "बस, पण चाकाला हात लावलास तर बोटं मोडीन."

त्या दुपारी मी फळीवर बसून तिखट घातलेल्या थंड जाड शेवया खात होतो. चाकावर माओशंगने अर्धवट सोडलेले, ओल्या फडक्याने झाकलेले एक वाडगे होते. इतक्यात दारातून ख्वांगबाई आत आल्या. नदीपलीकडे बाहेरदेशीच्या चित्रकारांसाठी जे पाहुणेघर आहे, त्याच्या त्या संचालिका. त्यांच्यामागे एक उंच, उन्हाने लाल झालेली परदेशी बाई होती. तिचे नाव इनेश, देश पोर्तुगाल. आमच्या शहराच्या चालीरीती पाहून चित्रे काढण्यासाठी ती तीन महिने राहायला आली होती. मला पाहताच तिने दोन्ही हात वर केले. रस्त्यात हरणाचे पाडस दिसावे, तसा तिचा चेहरा झाला.

"यू उस्ताद, हलू नका," ख्वांगबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना तुम्ही असेच हवेत."

"अहो, पण माझ्या शेवया..."

"शेवया कुठं पळून चालल्यात? वाडगा खाली ठेवा. ते फडकं काढा. हात मातीवर ठेवा, बघू."

त्या क्षणी मी म्हणायला हवे होते की, बाई, ही जागा माझी नाही. एवढेसे वाक्य. परंतु पाहुणी हजारो कोस ओलांडून आलेली, ख्वांगबाई तिला मोठ्या अभिमानाने घेऊन आलेल्या, आणि पाहुण्याला तोंडावर 'आपण चुकलात' असे म्हणणे आमच्यात त्याच्या ताटात थुंकण्यासारखे मानतात. मी हात धुतले. चाळीस वर्षे माओशंगला जसे पाहत आलो होतो, तसे ते वाडग्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. माती थंड होती. खरे सांगायचे तर बरे वाटले.

ती तासभर चित्र काढत राहिली. मध्येच तिने काही विचारले.

"किती वर्षं इथं आहात, विचारतायत," ख्वांगबाई म्हणाल्या.

"चाळीस."

"इथंच?"

"इथंच. दुसरीकडं कुठं जाणार?"

मी कामशाळेविषयी बोलत होतो. तिने फळीकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले.

तेवढ्यात डोळे चोळत माओशंग दारात येऊन उभा राहिला. त्याने एकवार मला, एकवार पाहुणीला न्याहाळले.

"वा!" तो म्हणाला. "न्हाव्याच्या गळ्यात आज सुईणीचं काम पडलं म्हणायचं."

"फंग उस्ताद, पाहुण्या आहेत," ख्वांगबाईंनी डोळे वटारले.

"दिसतंय की. माझ्या जागेवरसुद्धा पाहुणाच बसलाय."

पाहुणीला भाषा कळत नव्हती. ती त्याच्याकडे पाहून गोड हसली. ख्वांगबाईंना मात्र सारे कळले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक चित्रच तर आहे. वहीत राहील."

त्याच आठवड्यात शियामेनला माझी नात जन्मली. महिना उलटला, पण हातातले काम उरकता उरकत नव्हते. मी गुईश्यांगला फोनवर सांगितले की, शरद ऋतू लागला की येतो.

चित्र वहीत राहिले नाही. ऑक्टोबरमध्ये इनेशचे पुस्तक छापून आले. त्याचा विषय, आमच्या शहराने एका परदेशी चित्रकर्तीच्या मनावर उमटवलेले ठसे. त्यात नदीकाठचा बाजार होता, खांद्यावर लांब फळी आणि फळीवर कच्ची वाडगी घेऊन गल्लीतून धावणारी माणसे होती, आणि एकतिसाव्या पानावर मी होतो. ख्वांगबाईंनी खालचा मजकूर मला वाचून दाखवला. "हा माणूस चाळीस वर्षे या चाकावरून उठलेला नाही. त्याच्या पायांना दुसरी जमीन ठाऊक नाही. मी त्याला विचारले, तुम्ही कुठे जाल? तो म्हणाला, दुसरीकडे कुठे जाणार?"

शब्द माझेच होते. त्यांत खोटा एकही नव्हता. तरीही ते ऐकताना, कोणी बाहेरून दाराला कडी घालत आहे, असा भास मला झाला.

पुढे तेच चित्र दोन माणसांच्या उंचीचे करून नव्या सांस्कृतिक गल्लीच्या भिंतीवर लावले गेले. प्रवेशाच्या तिकिटावरही ते आले. बाहेरच्यांना त्यात एक थोर घडवणारा दिसे. आमच्या लोकांना मात्र पहिल्या नजरेत चित्रातल्या माणसाच्या कानावरचे तासण्याचे पाते दिसे. ओल्या चाकावर बसलेला, कानावर कोरड्या कामाचे पाते अडकवलेला माणूस म्हणजे आमच्याकडे पोहायला निघालेल्याने छत्री घेतल्यासारखे होय. तासणाऱ्यांच्या सबंध आळीत आठवडाभर हशा चालला. पण भिंतीसमोर उभे राहून एकानेही ख्वांगबाईंना काही सांगितले नाही. पाहुणीची लाज ती शहराची लाज.

एके सकाळी ख्वांगबाई संत्र्यांची पेटी घेऊन घरी आल्या.

"उस्ताद, लोक पुस्तक हातात घेऊन तुम्हाला शोधत येतायत," त्या म्हणाल्या. "गल्लीत आपण एक काचघर केलंय. चाक ठेवलंय. दोन महिने फक्त बसा. नऊ ते पाच."

"बाई, मी तासणारा माणूस. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे हो. पण आता तिकिटं छापून झालीत."

"आणि मी शियामेनला निघालोय. बायको वाट बघतेय."

"दोनच महिने. मग मी स्वतः तुम्हाला स्टेशनवर पोचवते. नाही म्हणालात तर मी काय सांगू वरच्यांना? आमच्या पाहुण्या चुकल्या म्हणून?"

संत्री मी परत करायला हवी होती. दोनदा नाही म्हणणे ही आमची रीत आहे आणि तिसऱ्यांदा घेणे हीही. मी तिसऱ्यांदा घेतली.

मी हे माओशंगला सांगितले. तो हातातली माती थापटत राहिला.

"बस की," तो शेवटी म्हणाला. "माझं थोबाड तसंही भिंतीवर लावण्याजोगं नाही. लेकरं भ्यायची."

"माओशंग, मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असतंस तर निदान अक्कल आहे म्हणालो असतो."

परंतु रोज सकाळी आठ वाजता तोच काचघरात येई, चाकावर एक वाडगे उभे करी, पाते लावल्यासारखा स्वच्छ काठ काढी, आणि मागच्या दाराने निघून मागच्या खोलीत स्वतःच्या कामाला बसे. नऊ वाजता मी फळीवर बसे. काठीने चाकाला हळू गती द्यायची, हात ओले करायचे आणि वाडग्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे, टेकवायचे नाहीत. नुसते ठेवायचे. सबंध दिवस तेच वाडगे. सुकू लागले तर पाणी शिंपडायचे. पाच वाजेपर्यंत पाणी पिऊन पिऊन त्याचा काठ पावसात भिजलेल्या टोपीसारखा खाली बसे. माओशंग येऊन ते मोडी आणि माती मडक्यात टाकी. दुसऱ्या दिवशी त्याच मातीचे पुन्हा वाडगे. त्या मातीला आणि मला एकच नशीब होते; दोघांनाही भट्टी लाभत नव्हती.

काचेबाहेर लोक उभे राहत. माणसाकडे काचेतून पाहणारा माणूस तोंड किंचित उघडे ठेवतो, हे मी त्या काळात शिकलो. प्रारंभी मी त्यांच्याकडे पाहत असे. पुढे ते सोडले आणि समोरच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहू लागलो.

दोन महिने झाले. मग म्हणाले, वर्षअखेरीचे पाहुणे येत आहेत. ते झाले. मग वसंतोत्सव आला. काचघराला लाल कंदील लागले आणि सुट्टीमुळे गर्दी चौपट झाली. मी सणाच्या रात्री माओशंगच्या घरी तांदळाचे चिवट काप खाल्ले आणि नातीला फोनच्या पडद्यावर पाहिले. गुईश्यांगचा आवाज तिखट झाला होता.

"म्हाताऱ्या, दिवसभर करतोस काय तिथं?"

"वाडगं धरून बसतो."

"आणि इथं नातीला धरायला माणूस नाही. श्याओमन कामावर जाते, माझे गुडघे बोलायला लागलेत. तुझा खोकला कसाय?"

"धूळ नाही ना आता. बरा आहे."

"मग छाती बरी झाली, आता तिथंच रहायचा बेत दिसतोय. त्या काचेशीच लग्न लाव."

मी हसलो. तिकडून हसू आले नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था झाली. खरे सांगावे तर पाहुणी खोटी ठरते, ख्वांगबाईंची नोकरी धोक्यात येते, आणि सहा महिने लोकांना फसवणारा म्हणून मीही खोटा ठरतो. न सांगावे तर फळी सुटत नाही. रात्री अंथरुणावर पडलो तरी हात दोन बाजूंना वाडगे धरल्यासारखे राहत. ते मी उशीखाली दाबून झोपे.

मे महिन्याच्या अखेरीस ख्वांगबाई काचघरात आल्या. इनेश पुन्हा येणार होती. त्या चित्राला वर्ष होत आल्याच्या निमित्ताने सतरा जूनला दुपारी दोन वाजता लहानसा समारंभ होता.

"त्या दिवशी फक्त बसा, आणि मग सुटलात," त्या म्हणाल्या. "मी शब्द देते, उस्ताद. कागदावर लिहून देऊ का?"

अठरा जूनला सकाळी नातीची वर्षपूर्ती होती. आमच्याकडे त्या दिवशी बाळापुढे ताट मांडतात. ताटात लेखणी, फणी, पुस्तक, पट्टी, नाणे, असे काय काय ठेवतात, आणि बाळ ज्यावर पहिला हात टाकील त्यावरून त्याचा पुढचा मार्ग कळतो, असे मानतात. मी सतराच्या दुपारी चार दहाच्या गाडीचे तिकीट काढले. त्या गाडीने रात्री पोचून सकाळच्या ताटापुढे बसता येणार होते. त्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. ताटात ठेवण्यासाठी एक लहान पाते मी बोथट करून, त्याला बांबूची मूठ बसवून आधीच टपालाने पाठवले होते. तिकीट मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले आणि रोज त्यावरून हात फिरवू लागलो.

सतरा तारखेला दोन वाजता इनेश आली. केस आखूड केलेले, बाकी तीच. तिच्याबरोबर बाराएक पाहुणे होते आणि शहराच्या कार्यालयातले दोन गृहस्थ. मी फळीवर बसलो होतो. तिने काचेला तळवा लावला. मी मान लववली. पिशवी मागच्या खोलीत भरून ठेवलेली होती. सारे सुरळीत चालले होते. आणि मग तिने ख्वांगबाईंच्या कानात काही सांगितले. ख्वांगबाईंच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले, ते मला काचेतूनही दिसले. त्या दार उघडे ठेवून आत आल्या.

"त्यांना वाटतंय," त्या हळू म्हणाल्या, "की हे वाडगं मोडून, नव्या मातीपासून एक वाडगं त्यांच्यासमोर घडवावं. त्या पूर्ण बघणार आहेत."

"मला येत नाही, बाई."

"मला ठाऊक आहे."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू?"

आठ महिन्यांत प्रथमच मी फळीवरून अर्धा उठलो आणि मोठ्याने बोललो, सर्वांना ऐकू जाईल असे. "मला घडवता येत नाही. ही जागा माझी नाही. मला काहीसुद्धा येत नाही."

ख्वांगबाईंना माझी दया आली असावी, किंवा त्याही थकल्या असाव्यात. त्यांनी माझे बोलणे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितले. इनेशने छातीवर हात ठेवला. तिचे डोळे पाणावले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यालयातल्या गृहस्थांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बघितलंत? खरे उस्ताद असेच बोलतात. आजकालची पोरं दोन वाडगी केली की स्वतःला मास्तर म्हणवतात."

तेव्हा मला माझ्या सापळ्याची पूर्ण रुंदी कळली. आमच्या शहरात कोणत्याही उस्तादाला विचारा, तुमचे काम पाहू का? तो म्हणेल, मला कुठे काय येते, हे तर माझ्या गुरुजींचे, मी नुसता बसतो. येत असलेला माणूस जे शब्द बोलतो, तेच शब्द येत नसलेल्या माणसानेही बोलायचे असतात. त्याच्यापाशी वेगळे शब्द नाहीत. मी पुन्हा म्हणालो, "खरंच येत नाही हो! शपथ घेऊन सांगतो." टाळ्या आणखी वाढल्या.

मागच्या दारात माओशंग हाताची घडी घालून उभा होता.

"ऊठ आता," तो म्हणाला. "का मीच उचलू?"

मी उठलो. पायांना मुंग्या आल्या होत्या. माओशंग फळीवर बसला, जुने वाडगे एका थापेत मोडले, मातीचा गोळा चाकावर आपटला आणि काठीने चाक असे फिरवले की पाण्याचे थेंब काचेवर उडाले. आठ-दहा श्वासांत वाडगे उभे राहिले. रोज सकाळी मी ते पाहत होतो. तरी त्या दिवशी माझा ऊर भरून आला.

"हे त्यांचे शिष्य का?" तोच गृहस्थ कौतुकाने म्हणाला.

माओशंग त्रेसष्ट वर्षांचा आहे. त्याने मान वर न करता म्हटले, "होय. अजून शिकतोय."

मी मागच्या खोलीत गेलो. घड्याळात तीनला पाच मिनिटे कमी होती. पिशवी उचलून मागच्या दाराने सरळ निघून जाणे शक्य होते. कोणी अडवले नसते. पण फळीवर माओशंगची सुकलेली कच्ची वाडगी ओळीने मांडलेली होती. मी एक उचलले, काचघरात आणले, कोपऱ्यात नुसत्या शोभेला ठेवलेल्या कोरड्या चाकावर पालथे घातले, ठोकून मध्यावर आणले आणि कानावरचे पाते काढले. मातीचा पहिलाच पापुद्रा सोललेल्या सफरचंदाच्या सालीसारखा लांब सुटला. पांढरी धूळ उडाली. काचेबाहेरचे लोक मागे सरले. मी टिचकी मारली, ऐकले, पुन्हा तासले. आठ महिन्यांनी माझे हात कशाला तरी खरोखर टेकले होते.

इनेश काचेच्या दारातून आत आली. पुस्तक उघडून एकतिसावे पान तिने माझ्या चेहऱ्याशेजारी धरले. चित्रातल्या कानावरचे पाते आणि माझ्या हातातले पाते. तिने ते स्वतःच काढले होते, बारकाईने, मुठीवरच्या दोऱ्यासकट. पण ते काय आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिने पुस्तक मिटले. मग खाली धुळीतच बसली आणि बोलली. ख्वांगबाईंनी ते मला सांगितले.

"त्या म्हणतायत, मी चुकले. तुमचे हात मी दुसऱ्याच्या कामावर ठेवले."

कोणी टाळी वाजवली नाही.

"त्या विचारतायत," ख्वांगबाई पुढे म्हणाल्या, "तुम्हाला पुन्हा काढू द्याल का? तुमच्या स्वतःच्या जागेवर, नीट. मोठं चित्र करायचंय. पंधरा दिवस लागतील."

घड्याळात सव्वातीन झाले होते. माओशंग ओल्या हातांनी माझ्याकडे वळला.

"गाडी आहे तुझी," तो म्हणाला. "चार दहा. जा. मी सांगतो तिला."

तो सांगणार होता आणि तिने ऐकले असते. हे मला तेव्हाही ठाऊक होते. ख्वांगबाईंनीही मान खाली घातली होती. त्या क्षणी मला कोणीही बांधलेले नव्हते. परंतु चाळीस वर्षांत तासणाऱ्याला कोणी पाहिलेले नाही. वाडगे विकत घेणारा म्हणतो, काय सुरेख घडवले आहे. काय सुरेख रेघ आहे. जे तासून गेले, ते केराच्या टोपलीत जाते; त्याचे नाव कोणी घेत नाही. आणि येथे एक बाई धुळीत मांडी घालून माझ्या बोटांकडे पाहत होती, ती प्रथमच माझ्याच बोटांकडे पाहत होती.

मी म्हणालो, "बसतो."

माओशंगने माझ्याकडे असे पाहिले, जसे तो तडकलेल्या वाडग्याकडे पाहतो. मग चाकाकडे वळला.

चार दहाला ती कोळशाने माझा डावा अंगठा काढत होती. स्टेशन नदीपलीकडे आहे. गाडीची शिटी काचेतून ऐकू येत नाही.

संध्याकाळी मी गुईश्यांगला सर्व सांगितले. ती म्हणाली, "आधी तुला बसवलं होतं म्हाताऱ्या. आज तू बसलास."

सकाळी तिने फोन ताटापुढे धरला. नात लाल झबल्यात होती. ताटाच्या कडेला माझे पाते होते. तिने ते उचलले, तोंडात घालून पाहिले, खाली टाकले आणि फणीवर हात मारला. सगळे हसले. मीही काचघरात बसून हसलो. इनेश म्हणाली, तसेच राहा.

चित्र पंधरा नव्हे, बावीस दिवसांनी पूर्ण झाले. तोवर वरच्यांनी ठरवले होते की, चूक सुधारली हे फारच उत्तम झाले. आता घडवणारा आणि तासणारा असे दोघेही काचेमागे दिसावेत. माओशंगला त्याची फळी परत मिळाली. मला माझी धूळ. पुढच्या वसंतापर्यंत, असे यावेळी कागदावर लिहिलेले आहे, आणि त्यावर माझीच सही आहे. खोकला परतला आहे. श्याओमनने ती खोली आता नातीच्या खेळण्यांना दिली आहे. मी येईन तेव्हा रिकामी करू, म्हणते.

नवे चित्र जुन्याच्या जागी भिंतीवर लावले आहे. त्यातले हात अगदी माझे आहेत. पात्याचा कोनसुद्धा तंतोतंत. परंतु चित्रातला माणूस हातांकडे पाहत नाही. तो मान किंचित वळवून समोर, दाराकडे पाहतो आहे. ख्वांगबाईंनी इनेशला विचारले होते की, डोळे कामावर आणता येतील का. ती म्हणाली, नाही. बावीस दिवस ते तिकडेच होते.

आता लोक प्रथम चित्र पाहतात, मग काचेतून मला पाहतात, आणि मग हा सारखा कुठे पाहतो म्हणून मागे वळून दाराकडे बघतात. तेथे काही नसते. थोडा वेळ थांबून ते पुढे जातात.